मंडल : विधीकडून छंदाकडे

१

‘मंडल’ हा शब्द भारतीय वाङ्मयाच्या आरंभीच भेटतो. ऋग्वेदातील १०२८ सूक्तांची मांडणी दहा मंडलांत केलेली आहे. तेथे मंडल म्हणजे एकत्र बांधलेला सूक्तसमूह. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त बारा राजांचे मंडल येते आणि हा शब्द राजनीतीच्या परिभाषेत दाखल होतो. वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ वास्तूसाठी भूमीवर ८१ किंवा ६४ पदांचा चौरस आखण्यास सांगते आणि त्या पदांवर वास्तुपुरुषाची अंगे व देवता यांची स्थापना करते. शब्दाचा मूळ अर्थ वर्तुळ असला, तरी आपल्या परंपरेने चौरसालाही मंडल म्हटले आहे. त्यावरून असे दिसते की, या संकल्पनेत आकृतीपेक्षा रचनेला महत्त्व आहे. एक मध्य, त्या मध्याशी बांधलेली भोवतालची स्थाने, आणि प्रत्येक स्थानाला नेमून दिलेला अर्थ, एवढे असले की मंडल सिद्ध होते.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या शब्दाला एक अनपेक्षित विशेषण येऊन चिकटले आहे. ते म्हणजे ‘स्वतःचे’. आज भारतात आणि भारताबाहेर असंख्य माणसे फावल्या वेळात कंपास, कोनमापक आणि बारीक टोकाचे पेन घेऊन बसतात, कागदावर एककेंद्री वर्तुळे काढतात, त्यांचे आठ, बारा किंवा सोळा भाग पाडतात आणि आतून बाहेर पाकळ्या, जाळ्या, ठिपके भरत जातात. कुणी रंगाच्या ठिपक्यांनी दगड, तबकड्या, कापड सजवितात. यांतील बहुतेकांना दीक्षा नसते, उपास्य देवता नसते. पुष्कळांना चित्रकलेचे शिक्षणही नसते. आपण जे काढतो ते ‘माझे मंडल’ आहे, एवढेच त्यांचे म्हणणे असते.

परंपरेच्या दृष्टीने ‘माझे मंडल’ हा शब्दप्रयोग ‘माझे व्याकरण’ या शब्दप्रयोगासारखा विसंगत वाटेल. जे सर्वांसाठी ठरलेले आहे, ते एकाचे कसे होणार? हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. एक विधी आपले देवत्व, आपले गुरू आणि आपली भूमी सोडून छंद होतो, तेव्हा त्यात काय उरते आणि जे उरते त्याला काही मोल आहे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर हा प्रवास कसा घडला, ते प्रथम पाहिले पाहिजे.

२

विधीतील मंडलाचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे त्याचे प्रमाणबद्ध आणि दत्त स्वरूप. विक्रमशीला महाविहाराचे आचार्य अभयाकरगुप्त यांनी इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात ‘वज्रावली’ आणि ‘निष्पन्नयोगावली’ हे ग्रंथ रचले. ‘निष्पन्नयोगावली’त २६ मंडलांचे वर्णन आहे. कोणत्या दिशेला कोणती देवता, तिचा वर्ण कोणता, मुखे किती, हात किती, हातांत काय, हे तेथे क्रमाने सांगितलेले आहे. बिनयतोष भट्टाचार्य यांनी १९४९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. बौद्ध मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना एखादी मूर्ती ओळखण्यासाठी या ग्रंथाचा आधार घेता येतो, याचे कारणच मुळी त्यातील वर्णनांत व्यक्तिगत लहरीला वाव नाही हे होय.

महाराष्ट्रात या परंपरेचा दगडात कोरलेला पुरावा वेरूळला आहे. तेथील बाराव्या क्रमांकाच्या, ‘तीन ताल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात भिंतीवर नऊ घरांचा चौरस कोरलेला आढळतो. मधल्या घरात बुद्ध आणि भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. कोरीव कामाच्या दृष्टीने हे शिल्प कैलास लेण्यातील शिल्पांच्या शेजारी साधेच वाटते आणि प्रवासी त्याच्यापुढे फारसा थांबत नाही. पण मंडलाच्या इतिहासात त्याचे महत्त्व मोठे आहे. कारण तेथे मंडल ही कल्पना कागद, कापड किंवा वाळू अशा नाशवंत माध्यमातून बाहेर पडून डोंगराच्या पोटात स्थिर झालेली दिसते. ते कुणी कोरले, हे तेथे लिहिलेले नाही; आणि लिहिलेले नसणे हाच त्या परंपरेचा स्वभाव आहे.

तिबेटी परंपरेतील वाळूचे मंडल हे या स्वभावाचे सर्वांत स्पष्ट रूप. कालचक्र मंडलात ७२२ देवतांचे अधिष्ठान मानले जाते. भिक्षू धातूच्या निमुळत्या नळीत रंगीत वाळू भरतात, नळीच्या खरबरीत अंगावर दुसरी सळई घासतात आणि त्या कंपनाने वाळूची बारीक धार खाली उतरते. कित्येक दिवसांच्या श्रमाने पूर्ण झालेले मंडल विधीच्या शेवटी पुसले जाते आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडली जाते. १९८८ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात भिक्षूंनी कालचक्र मंडल सर्वांसमक्ष रचले. तोपर्यंत दीक्षितांपुरते असलेले हे कर्म अशा रीतीने प्रेक्षकांपुढे आले, आणि पाहणाऱ्यांना त्यातील सर्वाधिक विलक्षण गोष्ट वाटली ती अखेरचे पुसणे. करणाऱ्याचे नाव नाही, केलेली वस्तू उरत नाही. उरते ती फक्त करण्याची रीत.

मात्र परंपरेतही मध्य कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र एकच नव्हते. कौटिल्याच्या राजमंडलात मध्यस्थानी असतो तो विजिगीषू राजा. त्याच्या शेजारचा तो अरी, अरीच्या पलीकडचा तो मित्र. परंतु प्रत्येक राजा स्वतःला विजिगीषू मानू शकतो आणि मग साऱ्या मंडलाची मांडणी त्याच्याभोवती नव्याने होते. काल जो अरी होता, तो आज आपल्या मंडलाचा मध्य होतो. अर्थात राजनीतीतील या रचनेला उपासनेशी जोडणे योग्य होणार नाही. तरीही स्थाने ठरलेली आणि मध्यावर उभा राहणारा मात्र बदलता, ही शक्यता आपल्या विचारात फार पूर्वीपासून होती, एवढी नोंद येथे करून ठेवावी.

३

वैयक्तिक मंडलाचा आधुनिक इतिहास स्वित्झर्लंडमध्ये सुरू होतो. कार्ल गुस्टाव युंग (१८७५–१९६१) या मनोवैद्याचा १९१३ साली फ्रॉइडशी संबंध तुटला आणि त्यानंतरची काही वर्षे त्याच्या मनात मोठी उलथापालथ चालू राहिली. आपल्याला दिसणारी दृश्ये, सुचणारे संवाद तो लिहून ठेवू लागला, त्यांची चित्रे काढू लागला. १९१६ च्या आरंभी त्याने एक वर्तुळाकार चित्र रंगविले. आपण मंडल काढतो आहोत, हे त्या वेळी त्याला ठाऊक नव्हते. ‘मंडल’ या शब्दाची संगती त्याला पुढे लागली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात शातो-दे या गावी ठेवलेल्या ब्रिटिश युद्धबंद्यांच्या छावणीवर युंग अधिकारी म्हणून काम करीत होता. तेथे तो रोज सकाळी वहीत एक लहानसे वर्तुळचित्र काढी. आत्मकथनात त्याने हा काळ १९१८-१९ असा दिला आहे. प्रत्यक्षात त्याच्या लष्करी वहीतील पेन्सिलीच्या रेखाटनांवर १९१७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांतील तारखा आहेत. तारखा घातलेल्या असणे हीच येथील महत्त्वाची गोष्ट. विधीतील मंडलाला तिथी असते, ती मुहूर्ताची. या मंडलांना तारीख आहे, ती रोजनिशीची.

या दिवसांतील एक प्रसंग युंगने नोंदविला आहे. त्याच्या परिचयाच्या एका स्त्रीचे पत्र आले. युंगच्या मनातून उमटणारी ही चित्रे कला आहेत, असा तिचा आग्रह होता. पत्राने तो अस्वस्थ झाला. दुसऱ्या दिवशी त्याने काढलेल्या मंडलाचा परिघ एका ठिकाणी फुटला होता आणि आकृतीचा समतोल ढळला होता. एका पत्राने मनात निर्माण केलेला क्षोभ वर्तुळाच्या मोडलेल्या रेषेत उमटावा, ही गोष्ट विधीच्या मंडलात संभवत नाही. तेथे परिघ फुटला, तर तो दोष ठरेल आणि दुरुस्त केला जाईल. येथे तो फुटणे हाच मजकूर आहे. वैयक्तिक मंडल या प्रकाराचा जन्म नेमका कोणत्या क्षणी झाला असे कुणी विचारले, तर १९१६ च्या त्या पहिल्या, देखण्या चित्राऐवजी मी या फुटलेल्या वर्तुळाकडे बोट दाखवीन.

त्या स्त्रीच्या पत्रातील वादही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ही कला आहे, असे म्हणताच चित्र दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी होते, त्याला रसिक हवा, निकष हवेत. युंगने हा दावा सतत नाकारला. आपण जे करतो ते निसर्गासारखे आपोआप घडते, असे तो म्हणे. त्याचे हे म्हणणे संपूर्ण स्वीकारणे कठीण आहे, कारण त्याने ज्या तांबड्या कातडी बांधणीच्या मोठ्या ग्रंथात ही चित्रे आणि मजकूर सुवाच्य अक्षरात उतरविले, त्यामागे मध्ययुगीन हस्तलिखितांची स्पष्ट जाण आणि भरपूर कलाकुसर आहे. तो ग्रंथ त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. सोनू शामदासानी यांच्या संपादनाखाली तो २००९ साली ‘द रेड बुक’ या नावाने बाहेर आला, तेव्हा वाचकांनी तो हातात घेतला तो मुख्यतः चित्रांसाठी. पण युंगच्या नकाराचा एक परिणाम दूरगामी ठरला. चित्र काढण्यासाठी चित्रकार असण्याची गरज नाही, ही परवानगी त्या नकारातून सर्वांना मिळाली. ‘छंद’ या वस्तूला जागा झाली ती तेथे.

४

१९२८ साली चीनच्या संस्कृतीचे जर्मन अभ्यासक रिचर्ड विल्हेल्म यांनी ‘सुवर्णपुष्पाचे रहस्य’ या चिनी ग्रंथाच्या भाषांतराचे हस्तलिखित युंगकडे पाठविले. त्या सुमारास युंगने मध्यभागी सोन्याचा किल्ला असलेले एक मंडल रंगविले होते आणि ते आपल्याला इतके चिनी का वाटते, असा प्रश्न त्याला पडला होता. १९२९ मध्ये हा ग्रंथ त्याच्या भाष्यासह प्रसिद्ध झाला. सोबत युरोपीय मंडलांचे दहा नमुने छापले होते. ते रुग्णांनी काढलेले आहेत, असा वाचकांचा समज होणे स्वाभाविक होते. त्यांतील तीन स्वतः युंगची होती. मात्र तसा उल्लेख तेथे नव्हता.

हा अनामिकपणा आणि वेरूळच्या शिल्पकाराचा अनामिकपणा यांतील अंतर साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. वेरूळच्या शिल्पकाराला नाव सांगण्याचे प्रयोजन नव्हते. युंगला नाव लपविण्याचे प्रयोजन होते. कारण त्या चित्रात त्याचे खाजगी असे काही होते. नाव लपवावेसे वाटणे, हे आत्मचरित्रात्मक लेखनाचे लक्षण आहे. त्याच काळात एक शिक्षित, पंचावन्न वर्षांची, पेशाने चित्रकार नसलेली अमेरिकन स्त्री युंगकडे आली. तिने काढलेल्या चोवीस चित्रांचा युंगने पुढे सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तोही तिचे नाव न देता. चित्रामागून चित्र पाहत गेल्यास तो अभ्यास एखाद्या रोजनिशीच्या वाचनासारखा वाटतो.

याच भाष्यात युंगने युरोपीय वाचकाला पूर्वेच्या साधनांचे अनुकरण न करण्याबद्दल बजावले होते. तरीही आपल्याला स्वित्झर्लंडमध्ये जे सापडले, त्याला पूर्वेकडून दुजोरा मिळावा, ही ओढ त्याला होतीच. १९३७ च्या डिसेंबरात तो भारतात आला. निमित्त होते ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या निमंत्रणाचे आणि कलकत्त्याला भरणाऱ्या विज्ञान परिषदेच्या पंचविसाव्या अधिवेशनाचे. अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता या विद्यापीठांनी त्याला सन्माननीय पदव्या दिल्या. सांचीच्या स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या जपानी यात्रेकरूंना पाहून तो हेलावून गेला. आमांशाने आजारी पडून त्याला कलकत्त्याच्या रुग्णालयातही राहावे लागले. या प्रवासातील आपल्या विषयाशी निगडित घटना मात्र घडली ती दार्जिलिंगजवळच्या भुतिया बस्ती येथील मठात.

तेथे लिंगदम गोमछेन नावाच्या लामांशी त्याचे मंडलाविषयी बोलणे झाले. ‘मानसशास्त्र आणि किमया’ या १९४४ च्या ग्रंथात युंगने त्या संभाषणाचा सारांश दिला आहे. लामांचे म्हणणे असे की, मठामंदिरांतील चित्रित मंडलांना विशेष महत्त्व नाही. ती बाह्य रूपे आहेत. खरे मंडल ही मनात उभारलेली प्रतिमा असते. एक मंडल दुसऱ्यासारखे नसते. मनाचा तोल ढळलेला असतो, किंवा एखादा विचार सापडत नसतो आणि तो धर्मग्रंथात नसल्यामुळे शोधावा लागतो, तेव्हा ते हळूहळू रचले जाते. आणि ते रचण्याचा अधिकार पूर्ण दीक्षित लामालाच असतो.

वैयक्तिक मंडलाच्या पुरस्कर्त्यांना हे संभाषण म्हणजे परंपरेने दिलेले संमतिपत्र वाटणे साहजिक आहे. परंतु ते सावधपणे वाचले पाहिजे. संभाषण भाषांतरातून झालेले, वृत्तान्त काही वर्षांनी लिहिलेला; आणि सारांशात युंगच्या स्वतःच्या परिभाषेतील ‘सक्रिय कल्पनाशक्ती’ डोकावते. अभयाकरगुप्तांच्या ग्रंथात तर एकेका देवतेचा वर्ण ठरवून दिलेला आहे. तेव्हा ‘एक मंडल दुसऱ्यासारखे नसते’ हे विधान रेखाटनाविषयी नसून ध्यानाविषयी आहे, असा अर्थ घेणे अधिक सयुक्तिक ठरते. नकाशा एकच असला, तरी प्रत्येकाची वाट वेगळी, असे लामांना म्हणायचे असावे. युंगने वाट वेगळी म्हणून नकाशाही वेगळा, असे ऐकले. शिवाय लामांच्या विधानाचा शेवटचा भाग, म्हणजे दीक्षेची अट, युंगने प्रामाणिकपणे नोंदविली असली, तरी पुढच्या काळात ती गळून गेली. दोन संस्कृतींच्या भेटीत पुष्कळदा असे घडते. ऐकणारा सांगणाऱ्याचे अर्धे वाक्य घेऊन परततो आणि त्या अर्ध्या वाक्यातून काहीतरी नवे उभे राहते.

५

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगण्याजोगी आहे. ज्यूझेप्पे तुच्ची या इटालियन प्राच्यविद्यापंडिताने १९२५ ते १९३० या काळात शांतिनिकेतन आणि कलकत्ता येथे अध्यापन केले होते. १९४९ साली त्याचा मंडलविषयक ग्रंथ रोमहून निघाला. मंडल हे एकाच वेळी विश्वाचे आणि मनाचे चित्र असते, अशी मांडणी त्याने केली. १९६६ मध्ये अजित मुखर्जी यांचे ‘तंत्र आर्ट’ प्रसिद्ध झाले आणि यंत्रे, मंडले आधुनिक चित्रकाराच्या नजरेने पाहण्याची सवय लागली. बिरेन डे, गुलाम रसूल संतोष, के. सी. एस. पणिकर यांच्या चित्रांची त्या काळात चर्चा झाली. मराठी वाचकांना ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामुळे परिचित असलेले प्रभाकर बरवे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात होते. तेथील वास्तव्यात तंत्रप्रतिमांचा संस्कार त्यांच्या कामावर झाला. नागपूर आणि मुंबई येथे शिकलेल्या सय्यद हैदर रझांच्या चित्रांत १९८० च्या आसपास बिंदू मध्यस्थानी आला. पण हे सर्व व्यवसायी, साक्षेपी कलावंत होते. छंदाचा ओघ वेगळ्या दिशेने वाहत होता.

तो अमेरिकेत पुस्तकांच्या रूपाने पसरला. १९७२ साली होसे आणि मिरियम अर्ग्वेयेस यांचे ‘मंडल’ हे पुस्तक निघाले. त्याच दशकात जोन केलॉग यांनी मेरीलँडमधील मनोरुग्णसंशोधन केंद्रात रुग्णांच्या मंडलांच्या आधारे निदानाची एक पद्धत बसविली. १९९१ मध्ये सुझान फिंचर यांच्या पुस्तकाने घरी बसून मंडल कसे काढावे, हे सामान्य वाचकाला सांगितले. २०१५ च्या सुमारास प्रौढांसाठीच्या रंगभरणाच्या पुस्तकांची लाट आली आणि आखीव मंडलांच्या छापील वह्या भारतातील पुस्तकांच्या दुकानांतही दिसू लागल्या.

या प्रसाराबरोबर मंडल काढल्याने मन शांत होते, हा दावाही पसरला. २००५ साली नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना आधी भीतीच्या आठवणीविषयी लिहावयास लावून अस्वस्थ केले. मग काहींना मंडल, काहींना उभ्याआडव्या पट्ट्यांची चौकडी आणि काहींना कोरा कागद रंगविण्यास दिला. कोऱ्या कागदापेक्षा मंडलाने चिंता अधिक उतरली. पण चौकडीनेही ती जवळजवळ तितकीच उतरली. २०१२ साली झालेल्या एका फेरप्रयोगात मात्र मंडल कोऱ्या कागदापेक्षा सरस ठरले आणि चौकडीला तसे यश मिळाले नाही. वर्तुळात काही खास सामर्थ्य आहे की नाही, हा वाद त्यामुळे मिटलेला नाही. परंतु दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. संपूर्ण मोकळीक माणसाला शांत करीत नाही. अस्वस्थ मनापुढे कोरा कागद ठेवला, तर अस्वस्थता तशीच राहते. बांधीव आकृती ठेवली, तर ती मनाला धरून ठेवते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. त्याने याचा अनुभव वृत्तात घेतलेला असतो.

६

वैयक्तिक मंडलाविरुद्ध दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. परंपरेचा अभ्यासक म्हणतो की, देवता, दीक्षा आणि विसर्जन काढून घेतल्यावर उरते ते टरफल. कलासमीक्षक म्हणतो की, ही नुसती वेलबुट्टी आहे. तिच्यात शोध नाही, पुनरावृत्ती आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. छापील आकृतीत रंग भरून तिला ‘साधना’ म्हणणे ही आत्मवंचना होय, आणि तिला ‘कला’ म्हणणे ही अतिशयोक्ती. पण हे दोन्ही आक्षेप एक गृहीत धरतात: की आकृती एकतर देवळात असते, नाहीतर कलादालनात. भारतीय घराचा उंबरठा दोघांच्याही नजरेतून सुटला आहे.

महाराष्ट्रातील रांगोळी, बंगालची अल्पना, तमिळनाडूचे कोलम, मिथिलेचे अरिपन, राजस्थानचे मांडणे, कुमाऊँचे ऐपण ही सर्व भूमीवर काढलेली, बहुतांशी स्त्रियांनी काढलेली, रोज किंवा सणासुदीला नव्याने काढलेली चित्रे आहेत. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त चित्रप्रकार सांगताना धूलिचित्राचा उल्लेख येतो, इतकी ही रीत जुनी. शिरगोळ्याची पांढरी पूड चिमटीतून सोडीत ठिपके घालायचे, ठिपके जोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी सडासंमार्जनाबरोबर ते पुसून पुन्हा काढायचे. वाळूच्या मंडलाचे विसर्जन पाहून न्यूयॉर्ककर थक्क झाले. आपल्याकडे ते रोज सकाळी केरसुणीने होत आले आहे.

या चित्रांत काढणारीचे स्वतःचे काही असते काय? अवनींद्रनाथ ठाकूर यांनी ‘बांगलार व्रत’ या आपल्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. व्रताची अल्पना ही त्यांच्या मते इच्छेचे चित्र आहे. स्त्रीला दागिने हवे असतात, धान्याची कणगी भरलेली हवी असते, प्रवासाला गेलेले माणूस सुखरूप परतायला हवे असते. ती ते पिठाने जमिनीवर काढते. युंग ज्या दशकात छावणीतील वहीत वर्तुळे काढीत होता, त्याच दशकात, १९१९ मध्ये, हे बंगाली पुस्तक निघाले. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. पण आखून दिलेल्या चौकटीत माणूस आपले मन ठेवतो, हे दोघांनीही आपापल्या परीने पाहिले होते.

आपल्याकडील चैत्रांगणातही हे दिसते. चैत्र महिन्यात अंगणात, तुळशीपाशी काढल्या जाणाऱ्या या रांगोळीत गौर, पाळणा, शंख, कासव, सर्प, सूर्य-चंद्र ही चिन्हे यायचीच. ती ठरलेली आहेत. तरी एकीच्या चैत्रांगणात फणी-करंडा मोठा येतो, दुसरीच्या चैत्रांगणात पाळणा. शेजारीण ते पाहून काय समजायचे ते समजते. त्यावर नाव नसते, स्पष्टीकरण नसते. आणि दिवस संपला की पुरावाही नसतो.

याला समांतर असे साहित्यातील उदाहरण म्हणजे जात्यावरची ओवी. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संग्रहित केलेल्या ओव्या वाचताना हे जाणवते की, घाट सर्वांचा आहे, भाऊ, माहेर, सासर हे विषय सर्वांचे आहेत, पण गाणाऱ्या स्त्रीने घाटात जे भरले ते तिच्या घरचे आहे. संतांच्या अभंगात शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. ओवीत बहुधा तीही नाही. मध्यभागी जाते, त्याची गोल फिरणारी तळी, आणि भोवती ओवीचे ठरलेले चरण. छंदाच्या मंडलाला पूर्वज शोधायचाच असेल, तर तो अभयाकरगुप्तांच्या ग्रंथाइतकाच, किंबहुना अधिक, या उंबरठ्यावर आणि या जात्यापाशी सापडेल.

७

येथे मराठी भाषा आपल्याला एक सोय करून देते. हौसेने, नेमाने केलेल्या कामाला आपण ‘छंद’ म्हणतो आणि पद्याच्या बांधणीलाही ‘छंद’च म्हणतो. संस्कृतात ‘छंद’ म्हणजे इच्छा, अभिलाष. ‘छंदस्’ म्हणजे वृत्त, आणि वेदही. ज्या ऋग्वेदाचे विभाग मंडले, त्याची भाषा ती छंदोबद्ध. इच्छा आणि बांधणी हे दोन अर्थ मराठीत एकाच शब्दात नांदतात, तेव्हा वैयक्तिक मंडलाविषयी जे म्हणायचे ते त्या शब्दाने म्हणता येते. ते दोन्ही अर्थांनी छंद आहे. काढणाऱ्याची इच्छा त्यात असते, आणि ती इच्छा मोजून आखलेल्या घाटात चालते.

एवढे मान्य केले, म्हणजे या चित्रांचे मूल्यमापन कसे करावे, हेही काहीसे स्पष्ट होते. त्यांना मठातील मंडलाच्या कसोटीवर घासणे अन्यायाचे आहे आणि कलादालनाच्या कसोटीवर घासणे निरर्थक. ती रोजनिशीसारखी पाहिली पाहिजेत. रोजनिशीतील एकेक पान सामान्यच असते. अर्थ येतो तो ओळीने लागलेल्या पानांतून, आणि जे पान घडी मोडून फुटलेले असते त्यातून. ज्याने वर्षभर आखणी करून मंडले काढली, त्याच्या वहीत एखादे वाकडे, अर्धवट टाकलेले वर्तुळ हमखास सापडेल, आणि तेच बहुधा सर्वाधिक बोलके असेल. उलट छापील वहीत रेषेबाहेर न जाता भरलेल्या रंगांत असे पान संभवत नाही. तेथे बांधणी आहे, पण इच्छेला हलायला जागा नाही.

या मार्गात एक हानी आहे, तीही मान्य करावी. पुसण्याची रीत सुटली. रांगोळी आणि वाळूचे मंडल काढणाऱ्याला हातातून वस्तू सोडावयास शिकवीत. कागदावरचे मंडल चौकटीत बसते, भिंतीवर लागते, त्याखाली सही येते, आणि क्वचित किंमतही. विधीतून छंदाकडे येताना देवता गेल्या, याचे फारसे दुःख करण्याचे कारण नाही. देवता आपापल्या ठिकाणी सुरक्षित आहेत. पण काढून झाल्यावर ते नाहीसे होऊ देण्याचे धैर्य गेले असेल, तर ते पुन्हा मिळविण्याजोगे आहे. वही मिटून ठेवणे हेही एक प्रकारचे विसर्जनच आहे. युंगने आपला तांबडा ग्रंथ आयुष्यभर मिटून ठेवला होता.

जिला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येत असूनही जिला मनातले शब्दांत सांगणे परवडत नाही, अशा व्यक्तीच्या हाती कंपास आणि कागद आला, तर तिच्यापाशी एक बांधणी येते. त्या बांधणीत ती काय भरील, हे आपल्याला कळेलच असे नाही, आणि कळले पाहिजे असेही नाही. साहित्याच्या इतिहासात आपण आजवर प्रसिद्ध झालेले लेखन मोजत आलो. वाचक नको असलेले लेखनही त्या इतिहासाच्या कडेला नेहमीच चालू होते: उंबरठ्यावर, जात्यापाशी, वहीच्या मागच्या पानांवर. वैयक्तिक मंडल ही त्या लेखनाची आजची एक शाखा आहे, आणि अभ्यासकाने तिची दखल त्याच नात्याने घ्यावी.